कॉन्स्पिरसी थिअरी कुणाला पटते? डोकं किती चालतं यापेक्षा आपली माणसं कोण आहेत यावर जास्त ठरतं

विमान पडलं, नवीन आजार आला, एखादा मोठा नेता अचानक गेला, की तासाभरात मोबाईलवर मेसेज सुरू होतात, "हे जे सांगतायत ना ते खरं नाहीये, आतली गोष्ट वेगळीच आहे." हे आता सगळ्यांच्या सवयीचं झालंय. पण एक गोष्ट नीट बघितली तर लक्षात येते, की एकाच घटनेवर दोन वेगळ्या ग्रुपमध्ये दोन वेगळी कारस्थानं फिरत असतात आणि दोन्हीकडे कट करणारे म्हणजे नेमके समोरच्या बाजूचे लोक असतात. घटना तीच, फोटो तेच, पण खलनायक मात्र प्रत्येकाचा आधीच ठरलेला. पुरावे बघून लोक मत बनवत असते तर असं झालंच नसतं ना?

मला हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण यावरून घराघरात बोलणी बंद झालेली आहेत आणि आपण समोरच्याला "वेडा झालाय" म्हणून मोकळे होतो. तो वेडा नसतो. त्याचं काय चाललंय हे समजून घ्यायला गेल्या काही वर्षांत मानसशास्त्रात बरंच चांगलं काम झालंय, ते सोपं करून सांगतो.

थिअरी म्हणायचं कशाला

काही ताकदवान लोक गुपचूप एकत्र येऊन बाकीच्यांच्या मुळावर उठलेत आणि एखाद्या मोठ्या घटनेमागचं खरं कारण तेच आहे, असा दावा, आणि तोही ठोस पुरावा हातात नसताना, याला कॉन्स्पिरसी थिअरी म्हणतात. पुढे मी नुसतं थिअरी म्हणेन.

या व्याख्येतच एक गंमत दडलीये. कट एकटा माणूस करत नाही, कट करायला टोळी लागते. आणि कट कुणाच्या तरी विरुद्ध असतो, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही एक गट आला. त्यामुळे जवळपास प्रत्येक थिअरी ही मुळात दोन गटांची गोष्ट असते, फसवणारे आणि फसवले गेलेले, आणि सांगणारा बहुतेक वेळा फसवल्या गेलेल्यांमध्ये उभा असतो.

कॅरन डग्लस, रॉबी सटन आणि अलेक्झांड्रा चिहोत्स्का या तीन संशोधकांनी २०१७ मध्ये तोवरचा अभ्यास एकत्र करून मांडलं की माणूस थिअरीकडे तीन गरजांमुळे ओढला जातो. एक, काय घडलं ते कळायला हवं. दोन, भीती आणि हतबलता कमी व्हायला हवी. तीन, स्वतःबद्दल आणि आपल्या गटाबद्दल चांगलं वाटायला हवं. पहिल्या दोन गोष्टी सहज पटतात, त्यावर बोलणंही खूप होतं. तिसरीकडे मात्र दुर्लक्ष होतं, आणि माझ्या मते घरातली भांडणं तिच्यामुळेच होतात.

गट बनायला लागतं तरी किती

आपल्याला वाटतं गट म्हणजे धर्म, देश, पक्ष, पिढ्यानपिढ्यांचं काहीतरी. हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता, पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैन्याकडून लढला, जर्मनांच्या कैदेत राहिला आणि सुटून आला तेव्हा घरचं कुणी उरलेलं नव्हतं. माणसं 'आपले' आणि 'परके' कशी करतात हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला.

त्याचा १९७० मध्ये छापून आलेला प्रयोग असा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची चौदा-पंधरा वर्षांची शाळकरी मुलं घेतली, त्यांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, कुठलं चित्र कुणाचं ते न सांगता, आणि आवडीनिवडी विचारल्या. मग प्रत्येकाला सांगितलं की तू अमुक चित्रकाराच्या गटात. खरं तर गट आवडीवरून पाडलेच नव्हते, कुणालाही कुठेही टाकलं होतं. नंतर एकेकाला एकटं बसवून एक कागद दिला, त्यावर आकड्यांच्या जोड्या, आणि दुसऱ्या दोन मुलांना पॉइंट वाटायचे, ज्यांचे शेवटी पैसे मिळणार होते. ती मुलं कोण आहेत ते माहीत नाही, फक्त नंबर आणि गट माहीत, आणि स्वतःला या वाटपातून काहीच मिळणार नाही.

तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलंच. पण खरा धक्का पुढे आहे. आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळतील अशी जोडी समोर असताना बऱ्याच मुलांनी अशी जोडी निवडली की ज्यात आपल्या गटालाही थोडे कमी मिळतील, पण समोरच्या गटाला आपल्यापेक्षा बरेच कमी मिळतील. म्हणजे फायद्यापेक्षा फरक महत्त्वाचा ठरला, तोही अशा गटासाठी जो काही मिनिटांपूर्वी अस्तित्वातच नव्हता.

आणि गट नुसता वाटप बदलत नाही, डोळ्यांना दिसतं तेही बदलतो. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये फुटबॉलची मॅच झाली, फार मारामारीची, एकाचं नाक तुटलं, दुसऱ्याचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच मॅचची तीच फिल्म दाखवली आणि नियम कुणी किती वेळा मोडले ते मोजायला सांगितलं. डार्टमथच्या टीमने केलेले फाउल प्रिन्स्टनच्या पोरांना दिसले त्याच्या निम्मेही डार्टमथच्या पोरांना दिसले नाहीत. त्यातलं कुणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं मानायचं कारण नाही. फिल्म समोर असताना ही अवस्था, तर जिथे फिल्मच नाही, धूर आहे, अफवा आहेत, अर्धवट बातम्या आहेत, तिथे काय होत असेल याचा अंदाज करा.

म्हणजे आपल्या लोकांवर प्रेम करणंच चुकीचं?

अजिबात नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय म्हणून जरा थांबून सांगतो.

अग्नियेश्का गोलेत्स दे झावाला आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की आपल्या गटाचा अभिमान दोन वेगळ्या जातीचा असतो. एक निवांत अभिमान, मला माझी माणसं आवडतात, बास, दुसऱ्यांनी त्यावर शिक्का मारायची गरज नाही. दुसरा चिंतेतला अभिमान, आम्ही महान आहोत पण जग आम्हाला आमची किंमत देत नाही, आमचा अपमान होतोय, आम्हाला मुद्दाम दाबलं जातंय. या दुसऱ्या प्रकाराला संशोधक सामूहिक आत्ममुग्धता म्हणतात, आपण चिंतेतला अभिमानच म्हणू. वरवर दोन्ही सारखेच दिसतात, दोघंही झेंडा तेवढ्याच उंच धरतात. फरक कळतो कुणी टीका केली की.

चिहोत्स्का आणि सहकाऱ्यांचा २०१६ मधला अभ्यास याच्यावरच आहे. चिंतेतला अभिमान जितका जास्त तितका परक्या गटांच्या कटांवर विश्वास जास्त, आणि तो बाजूला काढून उरलेला निवांत अभिमान बघितला तर उलटं, तो जितका जास्त तितका कटांवर विश्वास कमी. शिवाय चिंतेतला अभिमान असलेल्यांना कट पटायचे ते परक्यांनी केलेले. तोच कट आपल्याच माणसांनी केलाय असं सांगितलं तर या अभिमानाने विश्वास वाढत नव्हता. म्हणजे हा माणूस सरसकट संशयी नसतो, त्याच्या संशयाची दिशा ठरलेली असते.

कारण सरळ आहे. आम्ही एवढे महान तर मग मागे का पडलो, हरलो का, आमच्या वाट्याला हे का आलं, हा प्रश्न चिंतेतल्या अभिमानाला रोज टोचतो. कट हे त्याचं सगळ्यात सोयीचं उत्तर. आमच्यात काही कमी नव्हतं, आम्हाला पाडलं. वर आणखी एक फायदा, एवढी ताकदवान मंडळी आमच्यामागे लागलीत म्हणजे आम्ही महत्त्वाचे असणारच.

पोलंडचं उदाहरण बघा, तिथे या विषयाचा अभ्यासही बराच झालाय. १० एप्रिल २०१० ला पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांचं विमान रशियात स्मोलेन्स्कजवळ कोसळलं, विमानातले सगळे ९६ जण गेले, देशातले कितीतरी बडे अधिकारी त्यात होते. ते चालले होते कातिनला, जिथे १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पोलिश अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. त्या सगळ्या हत्याकांडात मिळून २२,००० च्या आसपास माणसं मारली गेली आणि सोव्हिएत सरकार १९९० पर्यंत ते नाकारत राहिलं. आता अशा जागी, अशा प्रवासात, अशा देशाच्या जमिनीवर विमान पडलं तर पोलिश माणसाच्या मनात काय येईल? पोलंडच्या सरकारी चौकशीने २०११ मध्ये सांगितलं की दाट धुक्यात विमान फार खाली आणलं गेलं, तरी घातपाताची थिअरी संपली नाही, देशाचं राजकारण त्यावरून दुभंगलं. अपघाताच्या तांत्रिक कारणांवरचा वाद म्हणून याच्याकडे बघितलं तर काही कळत नाही. खरा पोलिश माणूस कोण, कातिन विसरणारा की लक्षात ठेवणारा, असा तो वाद होऊन बसला होता.

हरणाऱ्या बाजूला कट जास्त दिसतात

जो युसिन्स्की आणि जोसेफ पॅरेंट यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादकांना आलेली १८९० ते २०१० या काळातली एक लाखाहून जास्त पत्रं तपासली. कटाचे आरोप कुणावर होतात ते सत्ता कुणाकडे आहे तसं बदलत होतं. रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष असला की आरोप उजव्यांवर आणि बड्या उद्योगांवर, डेमोक्रॅट आला की डाव्यांवर आणि कम्युनिस्टांवर. २०२२ मध्ये २६ देशांतल्या लाखभर लोकांवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यातही कटांवर विश्वास ठेवण्याचा कल राजकारणाच्या दोन्ही टोकांना जास्त दिसला, आणि ज्यांचा पक्ष सत्तेबाहेर आहे त्यांच्यात जास्त दिसला.

म्हणजे "थिअऱ्या फक्त त्यांच्याकडचेच लोक पसरवतात" हे जे प्रत्येक बाजूला वाटतं ना, ते टिकत नाही. सत्ता गेली की आपल्याकडचेही पसरवायला लागतात.

हे अडाणी लोकांचं काम आहे, शिकले की जाईल

हा आक्षेप फार जणांचा असतो. शिक्षणाने सरासरी विश्वास कमी होतो हे खरं आहे, पण गटाच्या मानाचा प्रश्न आला की गणित बिघडतं, आणि इथे गणित म्हणजे खरंच गणित.

येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांच्या टीमने २०१३ मध्ये हजारभर अमेरिकन लोकांना आकड्यांचा एक छोटा तक्ता सोडवायला दिला. काहींना सांगितलं की हा त्वचेच्या क्रीमचा डेटा आहे, पुरळ बरं होतं की वाढतं ते सांगा. काहींना तेच आकडे देऊन सांगितलं की हा बंदूकबंदीचा डेटा आहे, गुन्हे कमी झाले की वाढले ते सांगा. क्रीमच्या वेळी ज्यांचं गणित चांगलं त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली, अपेक्षेप्रमाणे. बंदुकीच्या वेळी मात्र गणितात हुशार लोकांचं उत्तर बरोबर यायचं ते मुख्यतः आपल्या बाजूला सोयीचं असलं तर, आणि दोन बाजूंमधली दरी गणित कच्चं असणाऱ्यांपेक्षा हुशारांमध्ये जास्त होती. आकडे वरवर सोयीचे दिसले की तिथेच थांबायचं आणि गैरसोयीचे दिसले की खोदत बसायचं, हे करायला हुशारी लागतेच. हा प्रयोग काही थिअऱ्यांवरचा नव्हता, पण थिअरीवाल्या माणसाशी वाद घालताना त्याच्याकडे इतके मुद्दे, इतके व्हिडिओ, इतके तपशील कसे काय असतात हे मला यावरून समजलं. तो अभ्यास करतो, खूप करतो, फक्त एका बाजूचा वकील म्हणून करतो.

पण काही कट खरे निघाले त्याचं काय?

निघालेच आहेत, आणि हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलायचा आपल्याला हक्क नाही असं मला वाटतं.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, म्हणजे चाळीस वर्षं, सरकारच्या आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं तुमचं रक्त खराब आहे, आणि उपचार चालू आहेत असं भासवून नुसतं बघत बसले, रोग पुढे काय करतो ते. पेनिसिलिन हा नेहमीचा उपचार झाल्यावरही दिलं नाही. पेपरात आलं तेव्हा कुठे थांबलं. त्या समाजातला एखादा माणूस सरकारी डॉक्टरवर विश्वास ठेवत नसेल तर त्याला थिअरीवाला म्हणून हसणं हा अन्याय आहे. त्याच्या गटाची आठवण खरी आहे.

म्हणून मी संशय आणि थिअरी यांत फरक करतो. संशय पुराव्याची वाट बघतो आणि पुरावा उलटा आला तर मावळू शकतो. थिअरीत उलटा पुरावाही कटाचाच भाग होतो, "बघा, किती सफाईने लपवलंय." टस्कीगी उघड झालं ते कागदपत्रांतून, आत काम केलेल्या माणसाने तोंड उघडलं म्हणून, पत्रकाराने पडताळलं म्हणून. आणि दुसरा फरक असा की ज्या गटाला खरंच मार बसलाय त्याचा अविश्वास आणि ज्या गटाच्या हातात सगळं असूनही त्याला आपल्याविरुद्ध कट दिसतो त्याचा अविश्वास एका तागडीत टाकता येत नाही, जरी दोघांची वाक्यं सारखी ऐकू आली तरी.

असेना का थिअरी, त्याने कुणाचं काय बिघडतं

१३४८-४९ मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी बातमी गावोगाव पसरली. पोप क्लेमेंट सहावा याने जाहीर केलं की या रोगाने ज्यूही मरतायत आणि जिथे ज्यू राहतच नाहीत तिथेही प्लेग आलाय, म्हणजे आजच्या भाषेत अगदी नीट फॅक्ट-चेक. उपयोग फार झाला नाही. स्ट्रासबर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ ला शेकडो ज्यूंना जाळून मारलं, तेव्हा त्या शहरात प्लेग पोचलाही नव्हता. त्यांच्याकडून घेतलेली कर्जंही त्यानंतर फिटली असं धरलं गेलं. रोग नाही, विष नाही, तरी खलनायक पक्का.

आताचं सांगायचं तर २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने पाकिस्तानात अबोटाबादला हेपेटायटिस बी लसीकरणाचा बनाव केला. हा कट खरा होता. लस हा पाश्चात्त्यांचा डाव आहे असं तिथे आधीपासून म्हणणाऱ्यांना आयता पुरावा मिळाला, आणि २०१२ मध्ये वझिरिस्तानात तालिबानने पोलिओ लसीकरणावर बंदी घातली. लस देणाऱ्यांचे खून झाले, ज्यात घरोघर जाणाऱ्या साध्या बायका होत्या. सीआयए लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही असं आश्वासन अमेरिकन सरकारने २०१४ मध्ये दिलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. एक खरा कट दहा खोट्या थिअऱ्यांना जन्म देतो आणि किंमत भलतीच माणसं मोजतात.

मग पुरावे देण्यात अर्थच नाही का

आहे, पण कोण देतंय आणि कसं देतंय याला खूप वजन आहे. आपण आपल्या भावाला दिवसभर नावं ठेवतो, पण बाहेरच्या कुणी त्याच्याबद्दल एक शब्द काढला की आपण बाह्या सरसावतो. गटांचंही असंच असतं, ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू हॉर्नसी यांच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय, तीच टीका तशाच्या तशी आपल्यातल्याने केली तर लोक ऐकून घेतात, परक्याने केली तर अंगावर येतात.

२०२४ मध्ये 'सायन्स' या मासिकात कॉस्टेलो, पेनीकुक आणि रँड यांचा एक अभ्यास आला, त्याने मला खरंच आशा वाटली. दोन हजारांवर अमेरिकन लोकांना त्यांना पटलेली थिअरी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितली आणि मग एआय चॅटबॉटने त्यांच्या त्याच मुद्द्यांना धरून पुरावे देत थोडा वेळ चर्चा केली. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनी बघितलं तरी तो तसाच उतरलेला होता. म्हणजे लोक पुराव्याला बधिर नसतात. संशोधकांच्या मते नेमक्या त्या माणसाच्या मुद्द्यांना दिलेली नेमकी उत्तरं हे यशाचं कारण. मला स्वतःला वाटतं की तिथे कुणी हसत नव्हतं, कुणापुढे नाक कापलं जाणार नव्हतं, याचाही वाटा असावा, पण हा माझा अंदाज समजा.

घरच्या ग्रुपवर आपण नेमकं याच्या उलट करतो. चाळीस लोकांसमोर काकांच्या मेसेजखाली फॅक्ट-चेकची लिंक टाकतो, वर हसण्याची इमोजी. आता काकांसमोर प्रश्न त्या मेसेजचा उरतच नाही, चाळीस जणांत आपली बाजू सोडायची का हा उरतो, आणि ती ते सोडणार नाहीत, तुम्ही-आम्हीही सोडली नसती. त्यापेक्षा फोन करावा, एकट्याशी बोलावं, "काका, तुम्हाला यात नक्की काय खटकलं?" असं विचारून आधी पूर्ण ऐकून घ्यावं, त्यात जे खरं असेल ते खरं म्हणावं, आणि मग एकाच मुद्द्यावर बोलावं, सगळ्यावर नाही. शक्य असेल तर ज्यांचं म्हणणं ते आपलं मानतात अशा माणसाचा दाखला द्यावा, आपल्या बाजूच्या माणसाचा नको. आणि बोलणं फिसकटलं तरी येणं-जाणं तोडू नये, कारण ज्याला थिअरीवाल्यांशिवाय दुसरी माणसंच उरली नाहीत त्याच्यासाठी थिअरी सोडणं म्हणजे एका झटक्यात एकटं पडणं असतं, आणि ते कुणालाच परवडत नाही.